बहिणीची सूज, भावाची धाप

महाडला दवाखाना थाटला तेव्हा माझं वय सव्वीस होतं आणि अक्कल त्याहून बरीच कमी. मुंबईहून डॉक्टरकीची परीक्षा देऊन आलो होतो. बाजारपेठेत एका तंबाखूच्या दुकानाशेजारी दोन खोल्या घेतल्या आणि टेबलावर छाती तपासायची नळी, स्पिरिटचा दिवा आणि काचेच्या सहा परीक्षानळ्या मांडून बसलो. रोगी यायचे, पण सगळ्यांत शेवटी. आधी घरचा काढा, मग वैद्य, मग भगत. भगतानेही कोंबडं खाऊन हात टेकले की मग माझा नंबर.

असेच एका सकाळी एक भाऊ-बहीण आले. पोलादपूरच्या पुढे, कशेडीच्या अंगाला डोंगरात त्यांची वाडी होती. तिथून दोन तास उतरून पोलादपूर, आणि तिथून सर्व्हिस मोटारीने महाड. बहीण पंचावन्नच्या घरातली, विधवा, भावाकडेच राहणारी. भाऊ तिच्याहून चार वर्षांनी लहान. पंचवीस वर्षं मुंबईच्या गिरणीत काढून तो नुकता गावी परतला होता. बहीण आत आली ती भावाला ढकलतच.

"याला बघ आधी," ती म्हणाली. "धापेचं सोंग करतोय. नांगर धरायचा म्हटला की लागली धाप."

भाऊ बाकावर टेकला. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वर ओढून तो श्वास घेत होता. बोलायला त्याला वेळ लागला. "डाक्टरसाहेब... हिला बघा. गिळून गिळून... फुगलीय. वर बोलते... मी आजारी."

मी त्याला मामा म्हटलं आणि तिला मावशी. नात्याने भाचा झालो आणि तिथेच फसलो, कारण त्यानंतर दोघांपैकी एकानेही माझं ऐकलं नाही.

मामाची छाती भाताच्या कणगीसारखी गोल झाली होती. बोटाने वाजवली तर पोकळ वाजे. नळी लावली तर आत शिट्ट्या. श्वास आत जायला जेवढा वेळ, त्याच्या तिप्पट बाहेर यायला. तो गिरणीत कापूस फोडून पिंजायच्या खात्यात होता. तिथे समोरचा माणूस दिसणार नाही एवढा बारीक कापूस हवेत उडायचा.

"सोमवारी लई जड जायचं," तो म्हणाला. "रविवारची सुट्टी खाऊन गेलो की... छातीवर दगड. मुकादम बोलायचा, रविवारी ढोसली असशील. मी तर पीतबी नाय."

मलाही तेव्हा ते कोडंच होतं. सुट्टीनंतर माणूस ताजातवाना व्हायला हवा. कापसाच्या धुळीचा तो गुणच असतो हे मी पुढे कधीतरी वाचलं. त्या दिवशी मात्र सगळं ठाऊक असल्यासारखी मान हलवली.

"मामा, श्वास आत घेता येत नाही का?"

"आत जातो हो. भायेर येत नाय."

पुस्तकात पानभर लिहिलेलं त्याने चार शब्दांत सांगितलं. धुळीने श्वासाच्या नळ्या आतून सुजतात, आवळतात. घेतलेली हवा मागेच अडकून राहते. आधीच भरलेल्या छातीत नवी हवा कुठे मावणार? मग नुसता श्वास बाहेर ढकलायलाच माणसाची सगळी ताकद जाते. मानेच्या शिरा दोरीसारख्या ताणतात, भाकरीचे चार घास चावताना दम लागतो, बोलता बोलता वाक्य मोडतं. मामा आळशी नव्हता. तो बसल्या जागी दिवसभर नांगर ओढत होता, फक्त तो कुणाला दिसत नव्हता.

मी हे मावशीला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग बिड्या ओढायला दम कसा पुरतो?"

मामा खिडकीबाहेर बघू लागला.

मग मावशीची पाळी. ती खरोखर छान गुबगुबीत दिसत होती. वाडीतल्या बायका म्हणायच्या, भावाच्या घरी बाई अंगाने भरली. पण सकाळी उठल्यावर तिचे डोळे उघडत नसत आणि तिन्हीसांजेला पाय जड होत. मी तिच्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. तिथे वाटाणा बसेल एवढा खड्डा पडला, आणि तो तसाच राहिला.

"हे मास नाय काय?" मामाने वाकून विचारलं.

"पाणी आहे."

मावशीला बाटली देऊन मागच्या अंगणात पाठवलं. तिने आणलेली लघवी मी परीक्षानळीत ओतली आणि दिव्यावर धरली. चांगली लघवी उकळली तरी पाण्यासारखी राहते. मावशीची बघता बघता पांढरी झाली, गुठळ्या धरल्या आणि उकडलेल्या अंड्यासारखी घट्ट झाली. मावशी डोळे विस्फारून बघत होती.

"अरे बाबा! माझ्या पोटात काय कोंबडी हाय?"

तिला मूत्रपिंडं कशी सांगायची? मला रोवळी सुचली. बांबूची, तांदूळ धुतो ती. "मावशी, पाठीत दोन बाजूंना दोन रोवळ्या आहेत. रक्त त्यातून गाळलं जातं. घाण आणि जास्तीचं पाणी खाली जातं, तांदूळ वर राहतात. तुझ्या रोवळ्या फाटल्या. रक्तातलं सत्त्व, म्हणजे तांदूळच, वाहून चाललंय. आणि पाणी जायचं ते अंगातच मुरतंय."

ती विचारात पडली. "रोवळी फाटली तर आमी बुरुडाकडं नेतो. तू बुरूड हायस का?"

मी बुरूड नव्हतो. त्या काळी कुणीच नव्हतं. फाटलेल्या रोवळीवर जास्त भार टाकायचा नाही, एवढंच आमच्या हातात होतं. म्हणून मी सांगितलं, कष्ट कमी कर, दूधभात खा आणि मीठ अजिबात सोड. मीठ अंगातलं पाणी धरून ठेवतं.

ते मिठाच्या चळवळीचं वर्ष होतं. बाजारात, कोर्टाच्या आवारात, मोटारीच्या थांब्यावर, जिथे तिथे मिठाचंच बोलणं. मावशी ताडकन उठली.

"सगळा मुलूख मिठापायी तुरुंगात चाललाय, आनि तू मला मीठ सोडायला सांगतोस? तू सरकारचा मानूस हायस काय रे?"

बाहेर बाकावर बसलेले लोक हसले. त्यात एक वकील होते. त्यांनी ती गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर केली, आणि पुढे महिनाभर मला "सरकारी डॉक्टर" अशी हाक यायची.

मामाला मी धापेवरच्या गोळ्या दिल्या, धोतऱ्याच्या पानांची मोजून धुरी दिली आणि बिडी बंद सांगितली. मावशीला मीठ बंद. आणि दर आठवड्याला मावशीची सकाळची लघवी बाटलीत भरून मामाने आणायची असं ठरलं. त्याला औषधासाठी यायचंच होतं.

पहिल्या आठवड्याची बाटली आली. उकळली. स्वच्छ, झऱ्याच्या पाण्यासारखी. माझा विश्वासच बसेना. दुसऱ्या आठवड्याची तशीच. तिसऱ्या आठवड्याला मी ती नळी वकिलांना दाखवायला घेऊन गेलो. ते जेवत होते, तरी दाखवली. ज्या रोगापुढे मुंबईचे मोठे डॉक्टर हात जोडतात तो मी तीन आठवड्यांत, नुसत्या दूधभाताने बरा केला होता! मी इतका खूश झालो की मामाबरोबर निरोप धाडला, मावशीला सांगा, आता थोडं मीठ चालेल.

पाचव्या आठवड्यात वाडीतलीच एक बाई हाताला गळू घेऊन आली. गळू फोडता फोडता मी सहज विचारलं, "मावशी कशा आहेत? अगदी बऱ्या झाल्या ना?"

ती वेदना विसरून माझ्याकडे बघत राहिली. "बऱ्या? सकाळी डोळं उघडत नाय तिचं. पाय तर केळीच्या खुंटागत. आनि तुमीच म्हने मीठ खायला सांगितलंत. सुकं बोंबील भाजून खाते रोज. डाक्टरचा हुकूम हाय म्हनते."

माझ्या हातातली पट्टी तशीच राहिली. मावशीची लघवी स्वच्छ होती आणि मावशी सुजत होती. दोन्ही खरं असू शकत नव्हतं. पाय खोटं बोलत नाही. म्हणजे खोटं बोलत होती ती बाटली.

बाटलीवर मला संशय आला, पण मामाला सरळ विचारलं असतं तर त्याने शपथा घेतल्या असत्या. म्हणून मी एक चावटपणा केला. त्या वेळी लघवीच्या विकारांवर एक निळी भुकटी देत असत. अपाय काही नाही, फक्त लघवीला रंग येतो. पुढच्या खेपेला मामा आला तेव्हा मी तिची चिमूट गुळात वळून सात गोळ्या केल्या आणि म्हणालो, "मामा, ही धापेवरची नवी गोळी. रोज एक. महाडला याल त्या सकाळी तर न चुकता घ्या." मावशीच्या बाटलीत निळा रंग उतरला तर चोर कोण ते कळणार होतं.

खरं तर रंग पहिल्याच दिवशी दिसायचा. पण मामा गोळ्या सात दिवस घेणारा नव्हता. त्याने सहा गोळ्या ठेवून दिल्या आणि एकच घेतली, महाडला यायच्या सकाळी.

त्या दिवशी मी दवाखान्याच्या दारात उभा राहून वाट बघत होतो. चेहरा शक्य तेवढा गंभीर केला होता. मोटार आली, माणसं उतरली, मामा सावित्री नदीच्या काठाकडे वळला. म्हणजे तिथेच भरत होता तर! मी मनात हसलो. थोड्या वेळाने तो दिसला. तो पळत येत होता. धापेचा माणूस, भर बाजारातून, रिकामी बाटली हातात धरून पळत! दवाखान्याच्या पायरीपर्यंत आला आणि तिथेच बसला.

माझं हसू जागच्या जागी गेलं. त्याला श्वासच येत नव्हता. तोंड उघडं, डोळे बाहेर, मानेची हाडं दिसतील अशी कातडी आत ओढली जात होती. छातीला नळी लावली तर शिट्ट्याही नाहीत. शिट्टी वाजायलाही थोडी हवा लागते. ओठ जांभळे पडले होते. लघवी निळी करायला गेलो होतो आणि माणूसच निळा करून बसलो होतो.

मी अॅड्रेनॅलिनची सुई भरली. घाईत पहिली सुई पायरीशेजारच्या बाकाच्या फळीतच घुसली. दुसरी दंडात दिली आणि त्याला मिठीत धरून बसलो. तंबाखूवाला दुकान सोडून आला आणि वारा घालू लागला. त्या पाच मिनिटांत मी माझ्या माहितीतल्या सगळ्या देवांना नवस बोललो, आणि भगताच्याही दोन-तिघांना. मग आत कुठेतरी एक बारीक शिट्टी वाजली. त्या शिट्टीएवढं गोड संगीत मी आजवर ऐकलेलं नाही. हळूहळू ओठांचा रंग पालटला.

पाव तासाने मामा बोलला. "डाक्टरसाहेब... मी मरनार. माजं मूत... हिरवंनिळं झालंय. मोरागत."

"तुमचं कसं, मामा? बाटली तर मावशीची आणायची होती."

त्याने बाटली पायरीवर ठेवली. मग खाली मान घालून सगळं सांगितलं. मोटारीत सगळी ओळखीची माणसं. पहिल्याच खेपेला कुणीतरी बाटली बघून विचारलं, मध हाय का? दुसऱ्याने झाकण उघडायला हात घातला. "बहिनीचं मूत घेऊन चाललोय, सांगू? गिरनीत पंचवीस वरसं काढलेला मानूस मी!" ती बाटली त्याने महाडला उतरल्यावर नदीत ओतली आणि स्वतःची भरली. पुढच्या खेपांना तो पोलादपूरलाच बाटली निवडुंगाच्या मुळाशी रिकामी करायचा आणि नदीकाठी स्वतःची भरायचा. मूत ते मूत, त्यात काय फरक, असं त्याला वाटलं. मी ते उकळून काय बघतो हे त्याला कधी नीट कळलंच नव्हतं. अंडं झालं ते बहिणीच्या खाण्यामुळे असं तो समजत होता.

मीही माझं पाप कबूल केलं. निळी गोळी आपलीच करणी, हे सांगितल्यावर त्याने हात उचलला. मला वाटलं, आता थोबाडीत देतो. पण तो खोकत खोकत हसायला लागला. "च्यायला, डाक्टर! तुमी गिरनीत असता तर मुकादम झाला असता."

मामाला रात्री दवाखान्यातच ठेवलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याला घेऊन मी वाडीवर गेलो. चढ चढताना मामा दर वीस पावलांना थांबायचा आणि मी त्याच्याबरोबर. मावशी ओटीवर बसली होती. चेहरा पिठाच्या गोळ्यासारखा, डोळ्यांच्या जागी दोन चिरा. सगळी हकीकत तिने ऐकली. मग म्हणाली, "म्हंजे मी तीन आठवडं बरी व्हते, ती याच्या मुतानं?"

आणि जी हसायला लागली ती थांबेचना. मधेच तिने मामाच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि मग पदराने डोळे पुसत मला म्हणाली, "आनि तू, शिकलेला! तोंड बघायचं सोडून बाटली बघत बसलास."

मी आधी तिचं तोंड बघितलं, मग पाय.

त्या दिवशी मी एक गोष्ट शहाणपणाची केली. औषधाची व्यवस्था बदलली. मावशीचं मीठ मामाच्या ताब्यात दिलं आणि मामाच्या बिड्या मावशीच्या. दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता, म्हणून पहारा चोख बसला. मामा तिच्या ताटातला घास आधी चाखून बघायचा. त्याने कणगीमागचे बोंबील शोधून काढले, आणि पुरावा नष्ट करायचा म्हणून स्वतः खाल्ले. मावशी त्याच्या धुरीचा वास घ्यायची. धोतऱ्याच्या पानांत तंबाखू मिसळलेली तिने पहिल्याच आठवड्यात पकडली आणि वाडीभर ओरडून सांगितली. लघवीची बाटली आता तीच स्वतः महिन्याने एकदा घेऊन यायची, मोटारीत मांडीवर ठेवून. कुणी विचारलंच तर सांगायची, "माझं मूत हाय. बघतोस?"

दोन महिन्यांत तिची सूज उतरली. तेव्हा वाडीतल्या बायका हळहळल्या, बिचारी किती खंगली. सुजली होती तेव्हा धट्टीकट्टी, बरी झाली तेव्हा आजारी! उकळलेली लघवी मात्र स्वच्छ कधीच झाली नाही. गुठळ्या कमी झाल्या, गढूळपणा राहिला. रोवळी फाटलेलीच होती.

असे दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी हिवाळ्यात निरोप आला म्हणून मी वाडीवर गेलो. ओटीवर दोघं शेजारी शेजारी बसलेली. मावशी भाताच्या पोत्याला टेकून बसली होती. आडवं पडलं की छातीत पाणी आल्यासारखं होई, म्हणून ती बसूनच झोपायची. नळी लावली तर पाठीत खालपासून बुडबुडे वाजत होते. मूत्रपिंडं थकली की पाणी पायांवर थांबत नाही, ते फुप्फुसांतही चढतं. बोलताना तिचं वाक्य मोडत होतं, अगदी मामासारखं.

आणि मामाचे पाय सुजले होते. वर्षानुवर्षं कोंडलेल्या फुप्फुसांत रक्त ढकलून ढकलून त्याचं हृदय दमलं होतं. मी नडगी तपासायला वाकलो, तर मावशी म्हणाली, "थांब... मी बघते." तिने आपला अंगठा भावाच्या पायावर दाबला, उचलला आणि खड्ड्याकडे निरखून बघितलं. तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

"पडला खड्डा! गिळून गिळून फुगलास रे?"

मामा म्हणाला, "आता कळलं गो बाय... धाप म्हंजे काय असतं?"

"कळलं." ती दम खाण्यासाठी थांबली. "तुला सोंगाड्या बोलले व्हते. ते मागं घेते." आणखी एक श्वास. "अर्धं."

मी दोघांकडे बघत उभा होतो. परीक्षेला मी ही इंद्रियं वेगवेगळ्या दिवशी शिकलो होतो, फुप्फुसं एका वहीत आणि मूत्रपिंडं दुसऱ्या. शरीराला या वह्या ठाऊक नव्हत्या.

मावशी माघात गेली. शेवटी तिला अन्नाचा वास नकोसा झाला, अंगाला खाज सुटली, मग दिवसभर गुंगी. रक्तातली घाण बाहेर पडायला वाट उरली नव्हती. मी दोनदा जाऊन आलो. करण्यासारखं काही नव्हतं. मामा तिचे पाय चेपत बसायचा, मी त्याच्याजवळ बसायचो.

मामा त्यानंतर दीड वर्ष जगला. चढ झेपेना म्हणून तो पोलादपुरात रस्त्याकाठी लेकीकडे राहायला आला आणि जाणाऱ्या-येणाऱ्या मोटारींवर टीका करत दिवस काढू लागला. एका सकाळी चहा पातळ झाला म्हणून लेकीशी भांडला, दुसरा करायला लावला, आणि तो होईपर्यंत बसल्या बसल्या गेला. मला हे चार दिवसांनी कळलं. त्यांच्या शेजारचा एक माणूस पायात काटा मोडून दवाखान्यात आला होता, त्याने सांगितलं. काटा खोल गेला होता. मी तो काढला, जखम बांधली, आणि त्याला म्हटलं, आता जरा वेळ बसा आणि सगळं पहिल्यापासून सांगा.